सेपची शेवटची जागा

"माझं चुकलं" हे दोन शब्द हेस्टर रटरच्या तोंडून गावात कुणी ऐकले नव्हते. नवऱ्यानं नाही, मुलींनी नाही, पाद्रीबाबांनी तर नाहीच. देवासमोर तरी मान खाली घालावी, असं कुणी म्हणालं तर ती म्हणे, "मान त्यानंच दिलीय ना? मग ती वर ठेवली तर त्याला कशाला राग यावा?"

अशा बाईवर त्या ऑक्टोबरात दुसऱ्याच्या जमिनीत गुडघे टेकायची वेळ आली.

खाण बंद पडून जमाना झाला, पण खाणीमागच्या चढावरचे वाटे आहेत तसेच आहेत. ज्याच्या त्याच्या नावावर एकेक पट्टा जमीन, एक खोपटं आणि शेजाऱ्याची नजर. रटरांच्या वाट्याला लागून सेप हेस्लपचा वाटा. सेप आणि हेस्टरचा नवरा लान्स खाणीत जोडीनं राबलेले, एका दिव्याखाली भाकरतुकडा खाल्लेले. वर आल्यावर मात्र दोघांत कांद्यावरून चुरस. दर सप्टेंबरात क्लबात प्रदर्शन भरे आणि सेप सगळ्यांच्या शेवटी धापा टाकत येई, टोपलीतून कांदे काढी, धुतलेले, पुसलेले, मानेला सुतळीची नाजूक गाठ मारलेले, आणि कप घेऊन जाई. हेस्टर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "कांद्याला न्हाऊमाखू घालतो, स्वतः कधी आंघोळ करतो देव जाणे." लोक हसले होते. सेपही हसला होता. पण त्यानंतर त्यानं तिच्या हातचा चहा घेतला नाही.

तोच सेप कांदे रोवता रोवता गेला. हे हिवाळी कांदे आमच्याकडे पानगळीत रोवतात. गोटीएवढे बारीक कांदे, शेपटी वर ठेवून मातीत दाबायचे, आणि मग गोठणारा पाऊस येवो की बर्फ पडो, ते आपले उभे. जूनमध्ये काढायचे. सेप फळीवर गुडघे टेकून बसला होता तो तसाच पुढे कलंडला. पलीकडच्या वाट्यावरच्या टर्नबुल म्हाताऱ्यानं त्याला पाहिलं तेव्हा ओळ अर्धी झाली होती आणि मुठीत एक कांदा होता.

आता रीत अशी. खाणीत कुणी दगावला तर त्याची कामाची पाळी अर्धी टाकत नसत. जोडीदार उरलेला कोळसा काढी, पण शेवटचं फावडं मारत नसे. ते मेलेल्याचं. खाण मिटली, पण ही रीत वाट्यांवर चढून आली. मेलेल्याची ओळ जोडीदारानं पुरी करायची आणि शेवटची जागा मोकळी सोडायची. खळगी करायची, कांदा घालायचा नाही.

जोडीदार लान्स. पण लान्सच्या छातीत खाणीची धूळ बसलेली. शेगडीजवळच्या बाकावर मधोमध बसून तो श्वास असा घेई, जसा कुणी पायरी पायरीनं चढतंय. डॉक्टर दारातच हेस्टरला सांगून गेला होता, "हा हिवाळा काढला तर पुढचं बघू." लान्स दर वर्षी कांदे रोवून झाले की म्हणायचा, "यांनी हिवाळा काढला की आपणही काढला." थट्टेत म्हणायचा. यंदा थट्टेपुरताही दम नव्हता, आणि म्हणून ते वाक्य हेस्टरच्या डोक्यातून जात नव्हतं.

"तू जा," लान्स म्हणाला. "माझ्याऐवजी."

"मी? त्याच्या वाट्यावर? जिवंतपणी मला कुंपणाला टेकू दिलं नाही त्यानं."

"हेस्टर."

"जाते रे बाबा, जाते. मेलेल्याशी कशाला वैर धरू."

"आणि शेवटची जागा सोड. विसरू नकोस."

"मी काय काल जन्मले?"

सेपच्या बायकोनं, बेलानं, कांद्यांची पिशवी आणून दिली. डोळे सुजलेले, तरी केस नीट विंचरलेले. "यात सगळे आहेत," ती म्हणाली. "त्याच्या हातातला पण यातच टाकलाय."

हेस्टर चढावर गेली. हवा गार, उन्हाला ऊब नाही. सेपची फळी त्याच्या जागी तशीच पडलेली, त्यावर त्याच्या गुडघ्यांचे दोन ओलसर डाग. तिनं फळीवर गोणपाट टाकलं आणि कामाला लागली. कामाला ती कुणाला हार जाणारी नव्हती. टोच्यानं खळगी, खळगीत कांदा, अंगठ्यानं माती. एक वीत सोडून पुन्हा तेच. मनातल्या मनात सेपशी भांडणही चाललं होतं. माती बघा मेल्याची, लोण्यासारखी. उगाच नाही कप नेत होता. खोपटाच्या कोपऱ्यात कोंबडीखताचा ढीग लपवून ठेवलाय, आणि लान्सला सांगायचा की मी काहीच घालत नाही!

ओळ संपली. शेवटची खळगी केली आणि पिशवीत हात घातला, तर एक कांदा उरलेला. नेमका एक. बाकीच्यांहून मऊ, हाताच्या घामानं शेपटी चिकटलेली.

हेस्टरच्या घरात शिळा पाव कधी टाकला गेला नाही. त्याचं पुडिंग व्हायचं. चहाची पत्ती गुलाबांना जायची. थोरलीचा फ्रॉक तिसऱ्या मुलीपर्यंत पोचला की त्याचं फडकं व्हायचं. हातात कांदा, समोर खळगी, आणि घालायचा नाही? कशासाठी? सेप येऊन बसणार आहे तिथे? तिनं आजूबाजूला पाहिलं. टर्नबुल आपल्या खोपटात, बाकी कुणी नाही.

"पुरे झाली तुझी मिजास," ती म्हणाली, आणि कांदा आत दाबला.

तिला एवढंच जाणवलं की अंगठ्याला जोर लावावा लागला नाही. खळगीनं तो आपणहून घेतला.

घरी आल्यावर लान्सनं विचारलं, "झालं?"

"झालं."

"शेवटची?"

"म्हटलं ना झालं. किती बोलतोस, दम जपून ठेव."

खोटं बोलले असं तिला वाटलं नाही. झालंच तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या वाट्यावर गेली तर सेपच्या फळीवर तो कांदा पडलेला. बाकी ओळ जशीच्या तशी. पाखरं असं करतात. शेपटी बघून किडा वाटतो त्यांना, ओढून काढतात आणि टाकून देतात. त्यात नवल काही नाही. तिनं कांदा पुन्हा दाबला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फळीवर. तिनं खिशातून कात्री काढून शेपटी छाटली. आता ओढ म्हणावं कशाला धरून ओढतोस ते.

त्यानंतरच्या सकाळीही तेच. तिनं घरून जाळी आणली, खुंट्या ठोकून ओळीवर ताणून बसवली. टर्नबुल कुंपणावर कोपरं टेकून बघत होता.

"एका कांद्यासाठी एवढा किल्ला?"

"तुझ्या कोबीला अळ्या खातात ते बघ तू. गावभर वास सुटलाय."

"हेस्लपची ओळ ना ही?" त्यानं ओळीच्या टोकाकडे पाहिलं. "जाळी टोकापर्यंत का गं ताणलीस?"

"जाळी मोठी होती म्हणून," हेस्टर म्हणाली आणि पाठ फिरवली.

सकाळी जाळी तशीच. खुंट्या तशाच, एक गाठ सुटलेली नाही. कांदा फळीवर. आणि आता त्याच्यावर मातीचा कणही नव्हता. धुतलेला, पुसलेला, पांढरीशुभ्र मुळं सरळ विंचरल्यासारखी. मानेला, छाटून उरलेल्या नखभर शेपटीला, सुतळीची नाजूक गाठ.

हेस्टरला राग आला. तिला भीतीच्या आधी नेहमी राग यायचा. कांदा मुठीत घेऊन ती तडक हेस्लपांच्या दारात.

"बेला, हे काय चाललंय? दुःखात आहेस, मान्य. पण सकाळी सकाळी माझी चेष्टा करायला चढ चढून येतेस?"

बेलानं कांदा हातात घेतला. खिडकीपाशी नेला. उजेडात फिरवून पाहिला.

"मी गुडघ्यामुळे रविवारपासून दाराबाहेर पडले नाही, हेस्टर. विचार कुणालाही."

"मग कुणी?"

"ही गाठ बघ. उलटी आहे." बेलाचा आवाज बारीक झाला. "तो डावखुरा होता ना. मला कधी जमली नाही ही. कुणालाच जमली नाही."

बेलानं कांदा टेबलावर ठेवला, आपल्यापासून लांब.

"हेस्टर, त्याची शेवटची जागा तू सोडली होतीस ना?"

आता या वेळी खरं बोलली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बेलानं मान अशी तिरकी करून विचारलं की हेस्टरच्या पाठीचा कणा ताठ झाला.

"मला रीत शिकवतेस? तुझ्याआधी या गावात आलेय मी," ती म्हणाली, कांदा उचलला आणि निघाली. वाटेत चढावर वळून तो पुन्हा खळगीत कोंबला, यावेळी टाचेनं.

घरी आली तर लान्स बाकावर मधोमध नव्हता. एका कडेला सरकून, भिंतीला खांदा लावून अवघडून बसला होता.

"असा का बसलास चिमटून? छाती दबते अशानं."

"जागा केलीय," लान्स म्हणाला.

"कुणाला?"

"सेपला. मघाशी आला होता. बसू का म्हणाला." त्यानं दम घेतला. "म्हणाला, माझ्या जागेवर कुणालातरी बसवलंय, लान्स. मी कुठे बसू?"

हेस्टरनं हातातली किटली खाली ठेवली. "औषधाची गुंगी आहे ती. डॉक्टरला सांगते."

"बूट काढून आला होता. मातीचे होते ना, म्हणून. तुला चालत नाही, त्याला ठाऊक आहे."

बाकाच्या मोकळ्या बाजूला तिनं नाताळात शिवलेली उशी होती. ती मधोमध दबलेली होती. हेस्टरनं ती उचलून झटकली, फुगवली, परत ठेवली. मग चहा ओतला, साखर विरघळवली, आणि कप लान्सला द्यायला वळली, तेवढ्यात उशी पुन्हा दबली होती.

त्या दिवसापासून लान्स रोज थोडा जास्त सरकू लागला. खिमा आणि पिठाचे गोळे, त्याच्या जिवाचं जेवण, दोन घासांवर सोडून देऊ लागला. "त्याला दे," म्हणायचा. ओठ निळसर दिसू लागले. डॉक्टरनं ऑक्सिजनची टाकी पाठवली, तिची नळी नाकात, तरी श्वासाच्या पायऱ्या संपेनात. आणि हेस्टर दर सकाळी चढावर जाई, फळीवरचा धुतलेला कांदा बघे, सुतळी ओरबाडून काढे आणि त्याला पुन्हा आत दाबे. आपण हे का करतोय, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. माघार घ्यायची म्हणजे आधी चुकलं म्हणावं लागतं, एवढंच तिला माहीत होतं. आणि ती जितका जोरानं दाबे, तितका त्या दिवशी लान्सचा दम उथळ होई. हे तिनं पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

मग एका दुपारी ती कोळसा घेऊन आत आली तर लान्स बाकाच्या अगदी टोकावर होता. अर्धा बाहेर, एक पाय जमिनीवर, पडेल असा. बाकी सगळा बाक मोकळा.

"अरे, पडशील!"

"जातोच आता," लान्स शांतपणे म्हणाला. "दोघांना पुरत नाही गं. तो म्हणतो, तू ऊठ, किंवा माझी जागा मला दे. किती दिवस उभं राहायचं त्यानं? जोडीदार आहे माझा." मग त्यानं हेस्टरकडे पाहिलं, ओल्या, स्वच्छ डोळ्यांनी. "सोडली नाहीस ना तू?"

हेस्टरनं त्याला दोन्ही हातांनी धरून बाकावर ओढलं, पाठीशी उशा लावल्या, शाल घातली. शेजारच्या पोरीला हाक मारून त्याच्याजवळ बसवलं. कोट चढवला आणि निघाली.

चढावर धुकं उतरलं होतं. दिवस मावळायला अवकाश होता, पण उजेड राखाडी, ताकासारखा. खोपटी दिसत नव्हती, नुसते त्यांचे काळे कोपरे. कुठल्याच वाट्यावर माणूस नव्हता. तरी सेपच्या वाट्यावरून आवाज येत होता. टोच्याचा, मातीत जाणारा, मग थांबणारा. ती कुंपणाशी आली आणि आवाज थांबला.

फळी ओळीच्या टोकाला सरकवलेली होती. तिनं सरकवली नव्हती. फळीवर गुडघ्यांचे दोन ओले डाग, ताजे.

हेस्टर त्या डागांच्या शेजारी गुडघे टेकून बसली. थंडी कोटातून आत शिरली. जाळी तिनं खुंट्यांसकट उपटून टाकली. बोटांनी माती उकरली, कांदा काढला, खळगी मोकळी केली. जीभ जागेवर होती.

"सेप हेस्लप," ती म्हणाली, "ऐक. दुसऱ्यांदा म्हणणार नाही." "माझं चुकलं. ही जागा तुझी होती. मी भरली. लान्सचा यात काही दोष नाही, त्यानं मला बजावलं होतं. आणि आंघोळीचं बोलले तेही... तेही चुकलं."

धुक्यात काहीच हललं नाही. फक्त फळी, तिच्या शेजारची बाजू, कुणी वजन टाकावं तशी किंचित खाली गेली आणि करकरली.

तिच्या मानेवर काटा आला. तरी ती उठली नाही. उठली असती तर ती हेस्टर नव्हे.

"त्याला सोड," ती म्हणाली. "तुमची जोडी तुटली, तुला एकट्याला करमत नाही, सगळं समजलं. पण तो तुझ्याआधी माझा आहे. बसायला शेजारी कुणी हवंच असेल तर पुढल्या खेपेला माझ्या ओळीत जागा घे. माझी घे. त्याच्या बाकावर येऊ नकोस."

बोलून गेली. हिशेब करून बोलली नव्हती. तिच्या तोंडात शब्द नेहमी असेच आधी तयार असायचे, विचार मागून यायचा. तो विचार आला तेव्हा ती चढ उतरत होती आणि मागे फळी करकरत होती, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही. कांदा ती फळीवरच ठेवून आली होती.

घरी पोरगी दारातच. "लान्सकाका जेवायला मागतायत."

तो मधोमध बसला होता. पाय पसरून, दोन्ही कोपरं बाहेर काढून, पूर्वीसारखा सगळा बाक अडवून. "कुठे गेली होतीस? गोळे उरलेत का?"

सकाळी फळीवर कांदा नव्हता. खळगी मोकळी होती.

तो हिवाळा वाईट गेला. नळ गोठले, टर्नबुलचं खोपटं बर्फानं बसलं, गावात अंत्ययात्रा निघाल्या. लान्स मात्र पायरी पायरीनं चढत राहिला आणि वसंतात एक दिवस काठी टेकत दारात येऊन उभा राहिला. सेपचे कांदे जूनमध्ये निघाले, मुठीत मावणार नाहीत असे. बेलानं अर्धे रटरांकडे आणून टाकले. हेस्टरनं नाही म्हटलं नाही, हेच नवल. पण तिला एक दिसलं होतं, जे तिनं कुणाला सांगितलं नाही. ओळीच्या टोकाची खळगी अजून तशीच होती. अख्ख्या हिवाळ्याच्या पावसानं ती बुजली नव्हती, काठ ढासळले नव्हते. आत बोट घातलं तर ऊब लागे, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

पुन्हा ऑक्टोबर आला. यावेळी लान्स सोबत चढावर आला. वाटेत थांबत, बसत, टर्नबुलला टोमणे मारत. उलट्या बादलीवर बसून तो हुकूम सोडू लागला.

"वाकडी चाललीय ओळ."

"तुझी नजर वाकडी आहे."

"अंतर कमी पडतंय गं. सेप बघ कसा वीत वीत सोडायचा."

"तर मग बोलव त्यालाच," हेस्टर म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

ओळ तिनं शेवटपर्यंत भरली. आपल्या वाट्यातली, आपल्या हातची. शेवटचा कांदा दाबताना अंगठ्याला चांगला जोर लावला आणि मातीनंही नीट अडवलं. तिला बरं वाटलं.

सकाळी ती लवकर निघाली. दव इतकं दाट की गवत पांढरं दिसत होतं, आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं. तिच्या ओळीच्या टोकाला शेवटची जागा रिकामी होती, मेलेल्याच्या ओळीला सोडतात तशी. खळगी नीट, गोल, काठ दाबून बसवलेले. फळीवर कांदा. धुतलेला, पुसलेला, मानेला सुतळी, गाठ उलटी.

तिचा अंगठा सवयीनं पुढे झाला. तिनं कांदा उचलला, खळगीपर्यंत नेला, आणि हात तिथेच थांबला.

मागून काठीचा आवाज येत होता. लान्स चढत होता. किती सहज चढत होता मेला, श्वास लागत नव्हता.

"आयुष्यात पहिल्यांदा लवकर आलास," हेस्टर खळगीकडे बघून हळूच म्हणाली, आणि कांदा अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला.

"सगळे लागले का?" लान्स कुंपणाशी पोचला.

"सगळे."

"पाखरांनी काही काढले?"

"माझ्या ओळीला हात लावायची पाखरांची छाती आहे का? चल घरी. आज पिठाचे गोळे कसे करतात ते उभा राहून बघ."

"मला कशाला? तू आहेस ना."

"बघ म्हटलं ना. आणि कोळशाचा माणूस कुठल्या वारी येतो ते पण लक्षात ठेव. मुलींच्या भरवशावर राहू नकोस, त्यांना चहासुद्धा धड जमत नाही."

लान्स हसला. "सकाळी सकाळी काय झालंय म्हातारीला," म्हणाला आणि पुढे निघाला. ती मागून निघाली, मान वर, खिशात हात, हातात कांदा. तो सबंध वाट गरम लागला.

घरी तिनं कप मांडले, चहा ओतला आणि बाकावर लान्सशेजारी बसली. मग, बशी मांडीवर घेऊन, जरा कडेला सरकली.

"अशी का बसलीस चिमटून?" लान्स म्हणाला. "ये की इकडे, बक्कळ जागा आहे."

"असू दे," हेस्टर म्हणाली. "मला बरं वाटतं असं."

दोघांच्या मधली उशी हळूच दबली. तिनं त्या बाजूला पाहिलं नाही. चहा मात्र तिनं तीन कपांत ओतला होता.